आजोबा वारले, घरात त्यांची परवान्याची दुनळी आहे. आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा आठ महिन्यांपूर्वी गेले. कोकणातल्या घरात त्यांच्या परवान्याची बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) दुनळी आहे, माळ्यावर एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे आणि डब्यात काही काडतुसं. तुम्ही नोकरीला पुण्यात. आठवण म्हणून बंदूक ठेवायची इच्छा आहे आणि गावातले सांगतायत की जुनी आहे, चालतही नाही, असू दे घरातच.

घरात असू देऊ नका. बंदूक वारसाहक्काने तुमच्याकडे येऊ शकते, पण परवाना आजोबांच्या नावाचा होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असं शस्त्र विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. न करता ठेवलं तर ते विनापरवाना बाळगणं ठरतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू, असं करणाऱ्या घरांची मला खरोखर काळजी वाटते. आठ महिने गेले आहेत, आता आठवडासुद्धा घालवू नका.

‘चालत नाही’ हा बचाव फार कमी वेळा टिकतो. कलम ४५ मध्ये जुनाट किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशालाच. गंजलेला घोडा, तुटका दस्ता, हरवलेला चाप हे सगळं दुरुस्त होतं, म्हणून ती कायद्याने बंदूकच राहते. गावच्या लोहाराकडून नळीला भोक पाडून घेणं किंवा नळी कापून घेणं तर मुळीच करू नका. नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. विहिरीत टाकायचा सल्लाही कुणी देईल. परवान्याच्या नोंदवहीत नंबर आहे, उद्या विचारणा झाली की उत्तर तुम्हालाच द्यायचंय. कर्नाटकात कोडगूतल्या कोडवांना परवान्यातून सूट मिळते मग आपल्याला का नाही, असंही कुणी म्हणेल. ती सूट केंद्राने अधिसूचना काढून त्या समाजाला दिली आहे, सध्या २०२९ पर्यंत. आपल्याकडे तिचा उपयोग नाही.

हलवण्याआधी दोन्ही बंदुका भरलेल्या आहेत असं धरूनच चाला. तोंड माणसाकडे नको, घोड्याला आणि चापाला बोट नको. दुनळीचा वरचा खटका बहुतेक बंदुकांत उजवीकडे ढकलला की नळ्या खाली झुकतात आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसायला हवा. कागदी पुठ्ठ्याची जुनी काडतुसं कोकणच्या दमट हवेत फुगून आत घट्ट बसतात. तसं दिसलं तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, बंदूक तशीच ठेवा आणि पोलिसांना आधीच सांगा. ठासणीची जास्त धोक्याची, कारण ती भरून ठेवायची पद्धत होती आणि ओली न झालेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. लाकडी बारीक काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. तिचं टोक केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसते त्या जागेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत दारू आणि छर्रे आहेत असंच समजा आणि पुढे काही करू नका.

परवान्याची पुस्तिका शोधा. तिच्यातला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळतो का ते बघा. दुनळीत तो साधारण नळ्या उतरवल्यावर खालच्या बाजूला कोरलेला सापडतो. ठासणीची पुस्तिकेत नसेलच तर ती परवान्याची नव्हती. अशा वेळी आधी फौजदारी कामं बघणाऱ्या वकिलाला गाठा आणि त्याच्यामार्फत लेखी कळवून जमा करा.

बंदूक स्वतःच पिशवीत घालून निघू नका. धारक हयात असताना त्याच्या लेखी परवानगीने दुसऱ्याला ती दुरुस्तीला नेता येते. धारकच नाही तर ती परवानगीही नाही. आधी ठाण्यात पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि त्यांनी सांगितल्या दिवशी, सांगितल्या पद्धतीने जमा करा. त्याआधी आजोबांची बंदूक निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा झाली होती का आणि परत आणली होती का, हेही तपासा.

जमा पावतीवर बंदूक कोणत्या कंपनीची, बोर, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली हवी. ‘एक बंदूक’ एवढंच लिहून दिलं तर मान्य करू नका, नंतर ओळख पटवताना रखडाल. किती दिवसांत सोडवायची तेही लेखी विचारा, कारण मुदत टळली की ती सरकारजमा होऊ शकते. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा माल ठेवायच्या खोलीत, तेलपाणी कोण करणार? बंदूक चांगली राहायला हवी असेल तर विक्रेत्याकडे ठेवा, भाडं आधी ठरवून.

आता तुमच्या नावावर घेण्याचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे मृत धारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो, पण तो आपोआप मिळत नाही. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, तुम्ही राहता तिथल्या प्राधिकाऱ्याकडे: पुणे शहरात पोलीस आयुक्त, आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. सोबत मृत्यूचा दाखला, आजोबांचा परवाना, जमा पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. अर्ज इथेच जास्त अडकतात. आजी, वडील, काका यांची प्रतिज्ञापत्रं होतात आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या राहून जातात. त्याही वारस आहेत, त्यांच्या सह्या आधी घ्या. पोलीस पडताळणी होते, आणि परवान्याची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होऊन यूआयएन, म्हणजे त्या परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक, मिळायला हवा.

आजोबांचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता का ते पुस्तिकेत पाहा. कोकणात बरेच तसेच आहेत. तो शेतीच्या गरजेपोटी दिलेला असतो. नोकरी पुण्यात आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तर तुमचा दावा कमजोर. गावी शेती करणारा चुलतभाऊ असेल तर त्याने अर्ज करणं जास्त योग्य. आणि हा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे, त्याला वन्यजीव कायदा वेगळा लागतो.

एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाच्यासुद्धा त्यात धरून. .३०३ किंवा ९ एमएमसारखं निषिद्ध बोरचं शस्त्र असतं तर विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे गेला असता; बारा बोरला ती अडचण नाही.

नको असेल तर जमा असलेली बंदूक वारस या नात्याने परवानाधारक व्यक्तीला किंवा विक्रेत्याला विकता येते. थेट व्यक्तीला विकायची तर आधी लेखी कळवा. त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. व्यवहार ठाण्याला कळवून, कागदावरच करा.

उद्याच्या पत्रात एवढं लिहा: आजोबांचं नाव आणि मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक आणि त्याची मुदत (आधीच संपली असेल तर तसं स्पष्ट), बंदुकीचं वर्णन आणि नंबर, काडतुसं किती, ती सध्या कुठे कुलपात आहे आणि कलम २१ खाली जमा करून घ्यावी ही विनंती. खाली तुमची आणि वडिलांची सही.