रक्ताची नळी आणि पाचारण

सलाम. तुमचे पत्र दोनदा वाचले. डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून आठ महिने तुम्ही एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत आहात. दिवसभर रक्त-लघवीचे नमुने तपासताना ‘यात देवाचे काम ते काय?’ असे वाटते, युवक शिबिरानंतर नोकरी सोडून धर्मज्ञानाचे शिक्षण घ्यावे असा विचार बळावला आहे आणि वडिलांचा त्याला विरोध आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये ‘सेवेत जाणे’ म्हणजे पाळक किंवा सुवार्तिक होणे, हा अर्थ इतका रूढ झाला आहे की बाकीच्यांची नोकरी केवळ पोटापाण्याची सोय ठरते. पवित्र शास्त्र असे सांगत नाही. प्रेषित पौल तंबू करणारा होता आणि करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून त्याने तोच धंदा केला. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील वचन तुम्हाला पाठ असेल. पण ते पुढाऱ्यांना नव्हे, तर आपले काम निवडण्याची मुभाच नसलेल्या दासांना उद्देशून आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आता तुमच्याच टेबलाकडे पाहू. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, म्हणजे रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेली नळी, रक्त घेतल्याबरोबर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट केली नाही, तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट्स प्रत्यक्षापेक्षा कमी भरतात. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि त्या आकड्यावर उपचार बदलू शकतात. वॉर्डातील सिस्टर रागावतील हे ठाऊक असूनही असा नमुना नाकारून दुसरा मागवणे, नळीवर नाव रुग्णाच्या खाटेपाशीच लिहिणे, सकाळचे कंट्रोल (यंत्र बरोबर मोजते का हे पाहण्याचा, आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना) खरोखर लावल्याशिवाय रजिस्टरमध्ये आकडा न भरणे, यांकडे मी निव्वळ नियमपालन म्हणून पाहू शकत नाही. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, अशी आज्ञा आहे, आणि रिपोर्ट ही तर ज्याचा चेहराही तुम्ही पाहिलेला नाही अशा शेजाऱ्याविषयी दिलेली साक्षच असते. त्या कामात भक्ती वरून आणून घालावी लागत नाही. काम नीट करण्यातच ती आहे.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशन आश्रमाच्या छापखान्यात छापले गेले आणि तेथे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ बसवणाऱ्या त्या हातांना मी सेवेतलेच हात मानतो.

मात्र या विचाराचा गैरफायदा कोणाला घेऊ देऊ नका. धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे, हेही त्याच पत्रात लिहिले आहे. जादा तासांचा मोबदला मिळत नसेल, तर तो मागणे अविश्वासाचे लक्षण नाही.

माझे स्पष्ट मत असे की आज राजीनामा देऊ नये. कंटाळ्याला पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी केलेले बोलावणे, समजण्याची चूक मी अनेक तरुणांमध्ये पाहिली आहे. अर्थात खरे पाचारणही असते आणि ते थांबल्याने नाहीसे होत नाही. वर्षभर रविवारच्या शाळेची किंवा तरुण संघाची जबाबदारी घ्या आणि ही ओढ तुमच्या पाळकांसमोर मोकळेपणाने मांडा, कारण धर्मज्ञानाच्या प्रवेशासाठी सहसा मंडळीची शिफारस लागतेच. दरम्यान याच विषयातील पदवीची, बी.एस्सी. एमएलटीची, चौकशी करा. काही विद्यापीठांत डीएमएलटीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वडिलांना यातला वर्षभर थांबण्याचा भाग आधी सांगा आणि त्यांची नेमकी काळजी कशाची आहे, हे विचारून मला पुन्हा लिहा.