वाचकांचे प्रश्न : बेसबॉलपटू हँक ॲरनची चाकोरीबाहेरची कार्डं

प्रश्न : अमेरिकी बेसबॉलपटू हँक ॲरनची १९५४ ते १९७६ या काळातली टॉप्स या कार्डं काढणाऱ्या अमेरिकी कंपनीची नेहमीची सगळी कार्डं माझ्याकडे आहेत. आता त्याचीच सहसा न दिसणारी कार्डं जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मिलवॉकी शहरापासून. ॲरनचा ब्रेव्हज संघ १९५३मध्ये बॉस्टन सोडून तिथे आला आणि शहरातल्या कंपन्या खेळाडूंची कार्डं काढू लागल्या. सर्वांत आधी १९५४चं जॉन्स्टन कुकीजचं कार्ड शोधा. टॉप्सचं १२८ क्रमांकाचं रुकी (खेळाडूचं पहिलं) कार्डही त्याच वर्षाचं, पण हे बिस्किटांबरोबर यायचं आणि आकाराने अरुंद, लांबट आहे. या संचात कार्डाचा क्रमांक म्हणजे खेळाडूच्या शर्टावरचा क्रमांक. ॲरन त्या वर्षी ५ नंबर घालायचा, म्हणून कार्डही ५. पुढच्या वर्षी त्याने ४४ घेतला आणि १९५५च्या जॉन्स्टन कार्डाचा क्रमांकही ४४ झाला. त्या वर्षीची कार्डं सहा-सहाच्या घडीच्या पट्ट्यांत आली. अखंड पट्टी मिळाली तर ती सुटी करू नका. स्पिक अँड स्पॅन या ड्रायक्लीनिंगवाल्यांचीही ब्रेव्हजची कार्डं आहेत, तीही यादीत घ्या.

त्यानंतर टॉप्सच्या कार्डांची परदेशी छपाई. कॅनडातल्या ओ-पी-चीचं १९६५चं १७० क्रमांकाचं कार्ड समोरून टॉप्ससारखंच दिसतं, मागे ‘प्रिंटेड इन कॅनडा’ असतं. व्हेनेझुएलाच्या छपाईत ॲरन १९६४ (क्र. ३००) आणि १९६८ (क्र. ११०) या वर्षी सापडतो. १९६४च्या अमेरिकी कार्डाची मागची छपाई नारिंगी आहे, व्हेनेझुएलाची काळी. पुढच्या बाजूला चकाकीही नसते. ही कार्डं तिकडे अल्बममध्ये चिकटवली जात, त्यामुळे बहुतेकांची पाठ सोललेली असते. इथे ग्रेड (कार्डाच्या स्थितीचा दहापैकी दर्जा) २ असला तरी चांगला नग समजा. ८ची वाट पाहत बसलात तर कार्ड हातचं जाईल.

प्रश्न : १९५७च्या कार्डावर ॲरन डावखुरा दिसतो. हे चुकीचं कार्ड जास्त मोलाचं का? आणि १९५८चं ‘पिवळं नाव’ खरं की रंगवलेलं, हे कसं ओळखावं?

उत्तर : १९५७चं २० क्रमांकाचं कार्ड निगेटिव्ह उलटी लागल्यामुळे तसं दिसतं, शर्टावरचा ४४ही उलटा आहे. टॉप्सने ही चूक कधी दुरुस्तच केली नाही. सगळीच कार्डं तशी असल्यामुळे तिला वेगळा भाव नाही. विक्रेता ‘दुर्मीळ एरर’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. १९५६च्या कार्डाचंही तेच : चित्रात होम प्लेटकडे घसरणारा खेळाडू प्रत्यक्षात विली मेज हा दुसराच बेसबॉलपटू आहे, पण तो प्रत्येक कार्डावर आहे.

१९५८चं ३० क्रमांकाचं कार्ड मात्र खरोखर दोन प्रकारांत छापलं गेलं, एकात नाव पांढऱ्या अक्षरांत, दुसऱ्यात पिवळ्या. पिवळं कमी मिळतं. पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद, म्हणून जुनाटपणाने तो पिवळसर पडतो आणि लोक फसतात. आधी त्याच कार्डाची चित्राभोवतीची पांढरी कड पाहा. कडही तितकीच पिवळट असेल तर ते पांढऱ्या नावाचंच कार्ड आहे. मग १० पट भिंगाखाली अक्षराच्या काठाशी थांबा. छपाईतला पिवळा काठापर्यंत एकसारखा असतो. नंतर भरलेला रंग काठाबाहेर पाझरतो किंवा कोपऱ्यात साचतो, आणि तिरक्या उजेडात तेवढ्याच भागाची चमक वेगळी दिसते.

प्रश्न : १९५७चं ॲरन कार्ड, कोपरे तीक्ष्ण, पण चित्र एका बाजूला सरकलेलं. पीएसएकडे (कार्डं तपासून ग्रेड देणारी कंपनी) कोणता ग्रेड मिळेल? कापलेलं असल्याची शंकाही आहे.

उत्तर : आधी कड मोजा. समजा डावीकडे दीड मिलिमीटर आणि उजवीकडे साडेचार. एकूण सहा, म्हणजे प्रमाण ७५/२५. पीएसएच्या निकषात ७ साठी पुढची बाजू साधारण ७०/३० पर्यंत चालते, ६ साठी ८०/२० पर्यंत. म्हणजे कोपरे ७ च्या तोडीचे असले तरी ‘७ ओसी’ (ऑफ सेंटर, म्हणजे चित्र सरकलेलं) किंवा साधा ६ अशीच शक्यता. ग्रेडला जोडलेली ही दोषाची खूण, म्हणजे क्वालिफायर, नको असेल तर अर्जात तसं नोंदवता येतं. आमच्या मते साधा ६ घ्यावा; ओसीची चिठ्ठी पुढे विकताना अडते.

पाठवण्याआधी खोली अंधारी करून एकाच दिव्याखाली कार्ड हळूहळू तिरपं करा. एका बाजूलाच दिसणारी बारीक सुरकुतीसुद्धा ग्रेड बराच खाली ओढते आणि फोटोत ती दिसत नाही.

कडा नंतर छाटल्याच्या शंकेसाठी केवळ मोजपट्टीवर विसंबू नका. १९५२ ते १९५६ टॉप्सची नेहमीची कार्डं पावणेचार इंच लांब होती, १९५७पासून अडीच बाय साडेतीन. पण कारखान्यातली कापणीही थोडी मागेपुढे व्हायची. त्याच वर्षाचं एखादं स्वस्त कार्ड शेजारी धरून चारही धारा भिंगाखाली पाहा. मूळ धार किंचित खरबरीत असते आणि पुठ्ठ्याइतकीच जुनी दिसते. एकच धार उजळ, गुळगुळीत किंवा लाटेसारखी असेल तर ते कार्ड घेऊ नका. तिथे क्रमांकाचा ग्रेड मिळणारच नाही.

प्रश्न : पोस्ट कंपनीच्या सिरीअलच्या (न्याहारीच्या धान्याच्या) खोक्यावरून कापलेल्या कार्डाला ग्रेड मिळतो का?

उत्तर : मिळतो, पण कापणी छापलेल्या रेघेवर किंवा तिच्या बाहेर हवी. १९६१ ते ६३ची ही कार्डं मुलांनी कात्रीने कापलेली आहेत. कापणी कुठे रेघेच्या आत गेली असेल तर स्लॅबवर (ग्रेड केलेल्या कार्डाच्या सीलबंद डबीवर) क्रमांकाऐवजी फक्त ‘ऑथेंटिक’, म्हणजे अस्सल, येतं. बाहेर जादा पुठ्ठा राहिला असेल तर तो तसाच ठेवा, स्वतः छाटू नका. बझूका बबलगमच्या खोक्याच्या तळावरच्या कार्डांनाही हेच लागू. १९६०पासून ती तीन-तीनच्या पट्टीत होती, आणि अखंड पट्टी सुट्या कार्डापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे.

प्रश्न : व्हेनेझुएलाच्या कार्डामागे अल्बमचा कागद चिकटला आहे. काढावा का?

उत्तर : खळीसारखा पाण्यात विरघळणारा गोंद असेल तरच, आणि पेनाची शाई किंवा शिक्का नसेल तरच. खोलीच्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवा. कागद आपोआप सुटू द्या, नखाने ओढू नका. सुटला नाही तर आणखी वेळ द्या. मग टिपकागदांच्या मध्ये ठेवा, पहिले दोन-तीन कागद वीस मिनिटांनी बदला आणि सपाट वजनाखाली दोन दिवस वाळू द्या. घाईने बाहेर काढलं तर कार्ड वाकतं. रबर सिमेंट पाण्याने निघत नाही आणि रासायनिक द्रावणाच्या वाटेला जाऊ नका. त्याचे डाग पडतात आणि कार्ड ‘बदल केलेलं’ ठरतं. विकताना भिजवल्याचं खरेदीदाराला सांगा.