'नायब'मध्ये य आणि 'नवाब'मध्ये व: मूळ अक्षर कोणतं?

प्रश्न असा आहे: नायब आणि नवाब हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले असतील, तर एकात य आणि दुसऱ्यात व कसा?

मूळ अक्षर व. धातू न-व-ब, अर्थ दुसऱ्याच्या जागी काम पाहणं, पाळीपाळीने येणं. अरबी व्याकरणात व आणि य ही 'इल्लत'ची, म्हणजे दुखणाईत अक्षरं मानतात. त्यातलं एखादं धातूच्या मध्यभागी आलं की तो धातू 'अज्वफ', पोकळ. मधलं व्यंजन कधी दिसतं, कधी विरघळतं. पण हे मनमानी नाही. शेजारचे स्वर ठरवतात.

'त्याने जागा घेतली' याचं रूप नियमाने 'नवब' व्हायला हवं (शेवटचा अ पूर्ण उच्चारायचा). दोन ऱ्हस्व अ-कारांमध्ये सापडलेला व टिकत नाही, सगळं मिळून दीर्घ आ होतो: नाब. वर्तमानात यनूबु, तिथे व ऊ-त मुरला. प्रथमपुरुषी 'नुब्तु' बघा. त्या जागी दीर्घ स्वर चालत नाही म्हणून तो ऱ्हस्व झाला, पण आखूड होताना उ झाला. तो उ म्हणजे व-ची खूण. 'विकणं' या अर्थाच्या ब-य-अ धातूत (शेवटचं अक्षर ऐन, हे घशातलं अरबी व्यंजन) त्याच जागी इ येतो, कारण तिथे मधलं अक्षर य आहे. व आणि उ जवळचे, हे मराठी माणसाला सांगायला नको. 'ठेवून' की 'ठेऊन' यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात.

आता नायब. कर्तृवाचक रूप 'नाविब' व्हायला हवं होतं. या साच्यात आ-नंतर इ-च्या आधी आलेल्या व-च्या जागी अरबीत हम्झा येतो, म्हणजे घशातला झटका: नाइब. फारसीत तो झटका य-सारखा मऊ झाला आणि मराठीत आला 'नायब'. म्हणजे हा य धातूतला नव्हेच.

नवाब मात्र नाइबचं अनेकवचन, 'नुव्वाब'. द्वित्त झालेला व अरबीत दणकट असतो, हलत नाही. अनेकवचन आदरार्थी एकाच माणसाला लागलं, जसं आपण एकाला 'ते आले' म्हणतो. 'नौबत'मध्ये अ-नंतरचा व पुढच्या व्यंजनाआधी तसाच राहिला, म्हणून औ. हाल आणि अहवाल ही जोडीही अशीच: हालमध्ये व गडप, अनेकवचनात परत हजर.

कोणी खरोखर 'नवब' म्हणत होतं का? दहाव्या शतकातला वैयाकरण इब्न जिन्नी याचं उत्तर नकारार्थी आहे: अशी मूळ रूपं नियम समजावीत म्हणून मांडलेली, लोक पूर्वी तसं बोलत होते असा अर्थ घ्यायचा नाही. मला हे फार पटतं. शिवाय अपवाद आहेतच. 'एका डोळ्याने आंधळा झाला' याचं 'अविर' हे रूप व सोडत नाही.

तेव्हा मराठीत आलेल्या अशा शब्दातला य बघून धातू ठरवू नये, भावंडं बघावीत. 'गायब' दिसायला थेट नायबसारखा, पण त्याचा भाऊ 'गैबी'. तिथे ऐ आहे, म्हणजे धातू ग-य-ब. नायबचा भाऊ नौबत, तिथे औ.