वाइल्ड कार्डवर समाधान मानू नका

सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूच्या एका बेसबॉलवेड्या वाचकाचे पत्र समोर आहे. "काकू, सप्टेंबर लागल्यापासून मला धड झोप नाही. आमचे सिअ‍ॅटल मॅरिनर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, जातील का, याचे आकडे रोज रात्री मांडतो. नुसते वाइल्ड कार्ड मिळाले तरी मी समाधानी आहे," असे ते लिहितात आणि जाता जाता पत्नीची नाराजी, मुलाची रविवारची मराठी शाळा आणि दिवाळीची भारताची तिकिटे हेही विचारून घेतात.

तुमची तळमळ मला कळते. जो संघ 2001 नंतर थेट 2022 मध्ये प्लेऑफला पोहोचला आणि पुढच्या दोन्ही वर्षी एकेका विजयाच्या अंतराने बाहेर राहिला, त्याच्या चाहत्याने पडेल ते पदरात घ्यायची सवय लावून घेतली, तर नवल नाही. पण "नुसते वाइल्ड कार्ड मिळाले तरी" हे तुमचे शब्द मला मुळीच पटलेले नाहीत.

रोज आकडे मांडता ना, मग हेही मांडा. सध्याच्या पद्धतीत बेसबॉलच्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून तीन गटविजेते आणि तीन वाइल्ड कार्डवाले (गट न जिंकलेल्यांतले सर्वांत चांगले) असे सहा संघ पुढे जातात. गटविजेत्यांतल्या पहिल्या दोघांना पहिली फेरी माफ असते. उरलेल्या चौघांना तीन सामन्यांची मालिका खेळावी लागते आणि तीही पूर्णपणे वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. प्रत्येक मालिका जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर फेरी माफ झालेल्याला तीन मालिका जिंकायच्या असल्यामुळे विजेतेपदाची शक्यता आठांत एक येते, आणि वाइल्ड कार्डवाल्याला चार जिंकायच्या असल्यामुळे सोळांत एक. म्हणजे तुम्ही आधीच निम्म्यावर तडजोड करून बसला आहात.

"निम्मीच का धरायची, आपला संघ चांगला आहे," असे आमचे हेही 2001 मध्ये म्हणायचे. त्या वर्षी मॅरिनर्सनी 162 पैकी 116 सामने जिंकून शिकागो कब्जच्या 1906 च्या विक्रमाशी बरोबरी केली होती, आणि तरीही लीगच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना पाच सामन्यांत गुंडाळले. साताऱ्याहून आलेले माझे सासरे हवालदिल होऊन विचारत होते, "अहो, एकशेसोळा जिंकलेले घरी कसे बसले?" (कब्जचेही तेच झाले होते; 116 विजयांनंतर वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगविजेत्यांच्या अंतिम मालिकेत, ते गावातल्याच व्हाइट सॉक्सकडून हरले.) सहा महिन्यांत नशिबाचे चढउतार एकमेकांना भरून काढतात, पाच-सात सामन्यांत त्यांना तेवढी सवडच नसते, आणि दोन चांगले पिचर (चेंडू फेकणारे) व एक अवेळी बसलेला होमरन सगळा हिशेब फिरवतात. म्हणून मालिकाच एक कमी खेळावी लागणे, हीच खरी कमाई.

2022 च्या वाइल्ड कार्डने आपल्याला घरच्या मैदानावर किती सामने दिले, आठवते का? एक. आमचा मुलगा त्या दिवशी स्टेडियममध्ये सहा तासांहून अधिक बसला, अठरा इनिंग्ज (नेहमीच्या नऊच्या दुप्पट) पाहिल्या, आपल्या संघाची एकही धाव न पाहता 1–0 असा ह्यूस्टनचा विजय पाहिला आणि हंगाम संपवून घरी आला. याउलट 2025 मध्ये गट जिंकून पहिली फेरी टळली, डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना पंधराव्या इनिंगमध्ये जिंकला आणि टोरांटोत लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात वर्ल्ड सिरीज फक्त आठ बाद दूर राहिली होती. तेवढ्यात टोरांटोच्या स्प्रिंगरचा तीन धावांचा होमरन बसला. दिवाळीचे दिवस होते. माझा चकल्यांचा एक घाणा कढईतच काळा झाला आणि त्याबद्दल मला घरात कोणी काही बोलले नाही. तीस संघांत वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला आपला एकटाच संघ आहे, हे दुःख मला नवे नाही.

तेव्हा वाइल्ड कार्डच्या रांगेकडे पाहणे सोडा आणि लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाशी असलेले अंतर पाहा. मॅजिक नंबर (पहिल्याचे स्थान पक्के व्हायला त्याचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत, तो आकडा) काढायचाच असेल, तर 163 मधून पहिल्याचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा. बरोबरी झाल्यास आता जादा सामना होत नाही, आधी परस्परांतले निकाल पाहिले जातात; म्हणून आपल्याच गटातल्या ह्यूस्टनशी होणाऱ्या सामन्यांना दुप्पट जीव लावा आणि इतर रात्री झोपा.

पत्नीची नाराजी रास्त आहे, टीव्हीचा आवाज कमी करा. मराठी शाळा बुडवू नका, दुपारच्या सामन्याचा शेवट तरीही मिळतो. तिकिटे मात्र बदलू नका. वर्ल्ड सिरीजचे बहुतेक सामने भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात, आणि अभ्यंगस्नानाला तुमच्या आई तुम्हाला त्याआधीच उठवतील.