पाय लागला तर

चिऊ,

रविवारी तू गालिच्यावर लोळत होतीस, तुझा पाय आजीच्या शास्त्राला, म्हणजे बायबलला लागला आणि मी ओरडले, "आधी नमस्कार कर!" केलास. मग हळूच म्हणालीस, "आई, येशूनं तर शिष्यांचे पाय धुतले. मग पाय घाण कसे?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय.

हे शास्त्र माझ्या आजीचं, म्हणजे तुझ्या नानांच्या आईचं. इंदूरच्या घरी ते कपाटावर, जुन्या महेश्वरी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, वर काही ठेवायचं नाही. पण आत काय काय होतं! कोऱ्या पानावर सगळ्यांचे जन्म नि बाप्तिस्मे, स्तोत्रांमध्ये रेशनकार्ड, योहानाच्या शुभवर्तमानात दूधवाल्याचा हिशेब, पेन्सिलीनं लिहिलेला, खाड्यांसकट. "आजी, हा कचरा काढू?" मी एकदा विचारलं. "राहू दे. दूध कोण देतं आपल्याला?"

१८७७मध्ये कॅनडाहून मिशनरी इंदूरला आले, आणि आज तू त्याच कॅनडात शाळेत जातेस. पण नमस्कार काही त्यांनी शिकवला नाही. तो आमचा आधीपासूनचाच. आमच्या गल्लीत पोथी असो, वही असो, पाय लागला की हात कपाळाला जायचा. बाप्तिस्मा झाला म्हणून हाताची सवय कशी जाईल?

तरी खरं सांगते, मलाही शंका येते. मी सात वर्षांची असताना नानांनी याच कारणावरून मला चापट मारली होती. पवित्र म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं नाही, फक्त नानांची भीती वाटली. आणि रविवारी मी अगदी त्यांच्याच आवाजात ओरडले. ते चुकलंच माझं.

आजी कधी ओरडली नाही. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" म्हणताना ती जरा थांबायची. चर्चमधल्या प्रभुभोजनातली ती भाकर आणि थंडीत तव्यावर फुगलेली ज्वारीचीही भाकरच. तुकडा खाली पडला की उचलून कपाळाला लावायची. शास्त्रातल्या जखऱ्याच्या पुस्तकात, शेवटच्या अध्यायात यरुशलेमेतलं एकेक पातेलं पवित्र होईल असं आहे ना, ते तिचं फार आवडतं. ते वाचून ती डाळीच्या पातेल्याकडे बघून मान डोलवायची.

आणि तुझ्या प्रश्नावरून एक आठवलं. रात्री वाचन झालं की ती शास्त्र गुंडाळून कपाटावर ठेवायची, माझे पाय मांडीवर घ्यायची आणि त्याच हातांनी भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळायची.

तुझे पाय घाण नाहीत, बाळा.

ते महेश्वरी फडकं आता पार विरलंय. शनिवारी तुला वेळ असला तर दोघी मिळून हातानं धुऊ. शास्त्र परत त्यात गुंडाळायचं की नाही, ते तू सांग.

आई