तळोज्याला कारखान्यांजवळच्या आमच्या प्लॉटवर हराळी जोमात वाढते. म्हणजे माती चांगली समजून पालक-माठ लावावा का?

इतक्यात लावू नका. हराळीच्या जोमावरून माती स्वच्छ आहे असं ठरत नाही.

वेल्समधल्या जुन्या धातूंच्या खाणींच्या मातीत वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं. साध्या कुरणातल्या गवताचं बी त्या मातीत पेरलं की बहुतेक रोपांची मुळं खुंटतात नि ती मरतात. हजारात दोन-चार तगतात, आणि पुढे रान त्यांचंच होतं.

तगणारं गवत धातू मुळाशीच अडवतं. काही धातू मुळांच्या पेशीभित्तिकेलाच चिकटून राहतो. आत शिरलेल्या कॅडमियमला फायटोकेलॅटिन नावाचे पेप्टाइड (प्रथिनांसारखे छोटे रेणू) धरतात आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडतात. म्हणून वरचं पातं हिरवंगार राहतं. पालक-माठाचं उलट आहे: कॅडमियम थेट पानात चढतं आणि तरी पान टवटवीत दिसू शकतं.

तेव्हा आधी माती तपासा. प्लॉटवर नागमोडी चालत 8-10 ठिकाणची वरची 15 सेंमी माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा. जस्ताचा मुलामा असलेलं भांडं वापरलं तर जस्ताचा आकडा फुगतो. ढीग चार भागांत करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. जमीन आरोग्य पत्रिकेत शिसं-कॅडमियम नसतं, त्यामुळे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक वेगळं सांगून करून घ्या. सोबत कारखान्यांपासून लांबच्या, तशाच मातीचा एक नमुना द्याच. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं, तुलना नसली तर उगाच घाबराल.

‘चुना टाका’ हा सल्ला अहवालाआधी ऐकू नका. आम्लधर्मी मातीत चुन्याने कॅडमियम, शिसं जखडतं खरं, पण आर्सेनिक आणि सहा संयुजेचं (जास्त विषारी रूपातलं) क्रोमियम उलट मोकळं होऊ शकतं.

आकडे वाईट आले तर कडेने वाळा लावा. पाऊस धरला की फुटवे वर 20 सेंमी ठेवून छाटायचे आणि ओळीत 15 सेंमीवर लावायचे. वाळ्याने माती दोन-चार वर्षांत साफ होणार नाही. धूळ आणि वाहून जाणारी माती मात्र थांबेल. आणि त्या वाळ्याची मुळं उन्हाळ्यात पाण्याच्या माठात अजिबात टाकू नका, शिसं साठतं ते तिथेच.