सातपुड्यात शिकारीचा आणि मासेमारीचा लॉज मिळेल का?

जळगावहून दोन-तीन दिवसांसाठी जाता येईल असा शिकारीचा लॉज सातपुड्यात कायदेशीररीत्या मिळू शकत नाही. मासेमारी मात्र परवानगीने करता येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत प्राणी मारणेच नव्हे, तर फासे लावणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारच ठरते. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखाते शेतकऱ्यांना परवानगी देते, पण तिचा आधार घेऊन कोणी पर्यटकांना बंदूक देत असेल, तर त्याच्या नादी मुळीच लागू नका. हतनूरसारख्या धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून गळ टाकण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. यावल आणि अनेर अभयारण्यांच्या हद्दीत मात्र गळ टाकूच नये. खास गळाच्या मासेमारीसाठीच राहायचे असेल, तर उत्तराखंडात रामगंगेच्या किंवा महाकालीच्या काठी जावे, जिथे महसीर पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. त्यासाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा आणि मासा ओल्या हातांनीच धरावा, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. शिकारीच्या सहली नामिबिया, अलास्का येथे कायदेशीर आहेत. अलास्कात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी परदेशी पाहुण्याला परवान्याखेरीज नोंदणीकृत वाटाड्याही सोबत घ्यावा लागतो.